‘या विषयावर अभ्यास झालेला नाही’ असं लिहिण्यापूर्वी: आरोग्य संशोधनासाठी पूर्वसाहित्य कसं शोधावं

विषय सुचलाय, गाइडनी होकार दिलाय आणि सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, पंधरा दिवसांत द्यायचीय. अशा वेळी गूगलवर चार शब्द टाकले जातात, पहिल्या पानावरचे पाच-सात पेपर उतरवून घेतले जातात आणि प्रस्तावनेत एक वाक्य येतं: ‘आपल्या भागात या विषयावर फारसा अभ्यास झालेला नाही.’ हे वाक्य लिहायचा हक्क नीट शोध घेतल्यावरच मिळतो. शोधात काही सापडलं नाही, तर विषय कोरा असण्यापेक्षा शोध कच्चा असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

कच्च्या शोधाची किंमत रुग्ण मोजतात. 2001 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्यासंबंधीच्या एका प्रयोगात एका निरोगी तरुण स्वयंसेविकेला हेक्झामेथोनियम हुंगायला दिलं गेलं. तिची फुप्फुसं निकामी झाली आणि ती दगावली. या औषधाने फुप्फुसांना इजा होते असे लेख 1950च्या दशकात छापून आलेले होते. पण संशोधकांनी पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची, पाहिलं, आणि त्या वेळी पबमेडमधल्या नोंदी 1966पासूनच्या होत्या. दुसरं उदाहरण हृदयशस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करणाऱ्या ॲप्रोटिनिनचं. 1987 ते 2002 या काळात त्यावर 64 चाचण्या झाल्या. सगळ्यांची बेरीज एकत्र मांडल्यावर दिसलं, की बाराव्या चाचणीनंतर, म्हणजे 1992मध्येच, उत्तर स्पष्ट झालेलं होतं. पुढच्या पन्नासहून अधिक चाचण्यांत कितीतरी रुग्णांना कारण नसताना ते औषध नाकारलं गेलं. वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात संशोधनाआधी पूर्वसाहित्याचं पूर्ण ज्ञान हवं असं म्हटलंय, ते अशाच गोष्टींसाठी. एथिक्स कमिटीही ‘हा अभ्यास मुळात हवाच का?’ हे विचारते.

एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. विषय आहे लाल विंचवाचा दंश आणि मुलांवरचे उपचार. कोकणातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात काम केलेल्या डॉक्टरांना तो ओळखीचा आहे.

आधी प्रश्न, मग पबमेड

‘लहान मुलांमधला विंचूदंश’ हा विषय झाला. त्याचा प्रश्न करण्यासाठी चार कप्पे पाडतात: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, मोजायचं काय. या चौकटीला ‘पिको’ म्हणतात. आपल्या उदाहरणात रुग्ण म्हणजे लाल विंचू चावलेली, अंगभर लक्षणं असलेली मुलं. उपचार प्रतिविष आणि प्रॅझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) दोन्ही. तुलना फक्त प्रॅझोसिनशी. मोजायचं ते बरं व्हायला लागलेला वेळ, फुप्फुसांत पाणी होणं आणि मृत्यू.

सगळे प्रश्न पिकोत बसत नाहीत. ‘अमुक तालुक्यात विंचूदंश किती?’ या प्रश्नात उपचारही नसतो आणि तुलनाही. तिथे आजार, परिस्थिती आणि लोकसंख्या हे तीन कप्पे पुरतात. ‘लोक आधी मांत्रिकाकडे का जातात?’ असा प्रश्न असेल, तर कोणाचा अनुभव, कशाबद्दलचा आणि कोणत्या पद्धतीने टिपलेला, असे कप्पे पाडा.

कप्पे लिहून झाले की प्रत्येकाखाली समानार्थी शब्दांची यादी करायची. कागद आडवा धरून चार रकाने पाडले की पुरे. या कामाला एक पूर्ण तास द्या. इथे वाचवलेला वेळ पुढे दुपटीने जातो.

शब्दांची यादी: खरी मेख इथे आहे

लाल विंचवाचं शास्त्रीय नाव काळानुसार बदलत गेलंय. जुन्या लेखांत तो ‘ब्यूथस टॅम्युलस’ आहे, पुढे कित्येक वर्षं ‘मेसोब्यूथस टॅम्युलस’, आणि आता ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’. नुसतं आजचं नाव टाकलंत तर महत्त्वाचे जुने भारतीय पेपर हातचे जातील. म्हणून तिन्ही नावं हवीत, आणि त्याशिवाय ‘इंडियन रेड स्कॉर्पियन’ हे साधं नावही हवं.

दंशालाही बरेच शब्द आहेत: ‘स्टिंग’, ‘एन्व्हेनमिंग’, ‘एन्व्हेनमेशन’. आणि ‘बाइट’सुद्धा. विंचू नांगी मारतो, त्यामुळे शास्त्राने ‘बाइट’ चूक आहे. पण आपण मराठीत ‘विंचू चावला’ असंच म्हणतो, आणि तोच शब्द इंग्रजीचं रूप घेऊन कधीकधी रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये आणि तिथून पेपरमध्ये जातो. असे देशी वळणाचे शब्द परदेशी यादीत मिळणार नाहीत, ते तुम्हालाच घालावे लागतात.

प्रतिविषाची तीच गत. ‘अँटीव्हेनम’, ‘अँटीव्हेनिन’, ‘अँटीस्कॉर्पियन व्हेनम सीरम’, मध्ये जोडरेघ असलेलं आणि नसलेलं, आणि शिवाय ‘सीरोथेरपी’. ब्रिटिश आणि अमेरिकन स्पेलिंगही विसरू नका. फुप्फुसांत पाणी होण्याला ब्रिटिश ‘ओ’ लावून लिहितात, अमेरिकन तो गाळतात. ‘पीडिॲट्रिक’मध्ये तसंच ‘ए’चं होतं.

गावांची नावं हा आपल्याकडचा खास पेच आहे. महाड ज्या जिल्ह्यात आहे तो 1981पर्यंत कुलाबा होता, आता रायगड आहे. 1995पूर्वीच्या लेखांत बॉम्बे, नंतर मुंबई. पाँडिचेरीचं 2006मध्ये पुद्दुचेरी झालं. उस्मानाबाद-धाराशिव, औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर हे बदल तर अगदी अलीकडचे. जिल्हानिहाय शोध घ्यायचा असेल तर जुनं-नवं दोन्ही नाव टाका.

पबमेडमध्ये बसल्यावर

पबमेड फुकट आहे. त्यात साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि सुरुवात तिथूनच करायची. शोधशब्द अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायचे.

पबमेडमध्ये शोध दोन वाटांनी घेतात. पहिली वाट ‘मेश’ची. मेश म्हणजे मेडलाइन या पबमेडच्या मुख्य भागासाठी ठरलेल्या विषयशब्दांची यादी. लेखकाने ‘स्टिंग’ लिहिलं काय किंवा ‘एन्व्हेनमेशन’ लिहिलं काय, नोंदीला शिक्का ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ असाच बसतो. गंमत बघा, प्रतिविषासाठी मेशमधला शब्द ‘अँटीव्हेनिन्स’ आहे. हल्ली कोणी तो पेपरच्या नावात फारसा लिहीत नाही, पण शिक्का तोच असतो. म्हणून अंदाजाने शब्द न टाकता आधी मेश डेटाबेस उघडा, तिथे तुमचा शब्द शोधा, त्याची व्याख्या वाचा आणि झाडासारख्या मांडणीत त्याच्या वर-खाली काय आहे ते पाहा. वरचा शब्द घेतला की त्याखालचे सगळे आपोआप येतात.

दुसरी वाट लेखकाच्या स्वतःच्या शब्दांची, म्हणजे शीर्षक आणि सारांश यांतला शोध. त्यासाठी शब्दापुढे चौकटी कंसात ‘टीआयएबी’ ही खूण लावतात. ही वाट लागतेच, कारण अगदी ताज्या नोंदींना मेशचा शिक्का बसलेला नसू शकतो, आणि पबमेडमधल्या काही नोंदींना तो कधीच बसत नाही. दोन्ही वाटा ‘ऑर’ने जोडायच्या.

आपल्या उदाहरणात पहिली ओळ दंशाची: मेशमधला ‘स्कॉर्पियन स्टिंग्ज’ ऑर शीर्षक-सारांशातला ‘स्कॉर्पियन’ शेवटी तारा (*) लावून, ऑर तीन शास्त्रीय नावं. दुसरी ओळ औषधाची: मेशमधला ‘अँटीव्हेनिन्स’, ऑर मेशमधला ‘प्रॅझोसिन’, ऑर शीर्षक-सारांशातले प्रतिविषाचे सगळे शब्द आणि ‘प्रॅझोसिन’. प्रत्येक ओळ वेगळी चालवा. मग ॲडव्हान्स्ड पानावर हिस्टरीत जाऊन दोन्ही ओळी ‘अँड’ने जोडा. एकदम लांबलचक ओळ टाकली आणि त्यात चूक निघाली, तर ती कुठे आहे ते कळत नाही. ओळी सुट्या असल्या की कोणती ओळ किती नोंदी आणते ते समोर दिसतं.

आता व्याकरण. ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ मोठ्या अक्षरांत लिहा. पबमेड डावीकडून उजवीकडे वाचत जातं, म्हणून ‘ऑर’ने जोडलेला प्रत्येक गट गोल कंसात टाका. कंस विसरलात तर उत्तर येतं, पण चुकीचं, आणि ते चुकीचं आहे हे आकड्यावरून कळत नाही. तारा म्हणजे ‘यापुढे काहीही’. त्याआधी किमान चार अक्षरं लागतात. खूण किंवा अवतरणचिन्ह न लावता साधे शब्द टाकले, तर पबमेड स्वतःहून त्यांचा अर्थ लावून मेश जोडतं. ‘हार्ट अटॅक’ टाकलं की ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ही शोधलं जातं. अवतरणचिन्ह किंवा तारा लावला की ही मदत बंद होते. दोन्हींचा उपयोग आहे, पण आपण नेमकं काय केलंय ते माहीत हवं. त्यासाठी हिस्टरीमधले ‘डीटेल्स’ उघडून पबमेडने तुमच्या शब्दांचं काय केलं ते प्रत्येक वेळी वाचा.

दोन शब्द जवळजवळ हवेत, पण चिकटूनच हवेत असं नाही, तर अंतराचा शोध वापरता येतो: दोन्ही शब्द अवतरणात, पुढे टीआयएबीच्या खुणेत विसर्गचिन्ह, नागमोडी रेघ आणि अंतराचा आकडा. या प्रकारात तारा चालत नाही.

तिसरी ओळ परिणामांची घालायचा मोह होईल: मृत्यू, पल्मनरी एडिमा वगैरे. घालू नका. लेखक सारांशात सगळे परिणाम लिहीत नाहीत, आणि ती ओळ जोडली की चांगले पेपर गळतात. गावाच्या किंवा देशाच्या नावाचंही तसंच. ‘इंडिया’ जोडून शोध पहिल्याच फटक्यात आखूड करू नका. आपल्यासारख्या विषयात नोंदी मुळात आवाक्यातल्या असतात, त्या डोळ्यांनी चाळता येतात. मधुमेहासारखा विषय असेल तर मात्र देशाचं नाव लागेल.

‘नॉट’ हा शब्द शक्यतो टाळा. सापांचे पेपर नकोत म्हणून ‘नॉट स्नेक’ टाकलंत, तर सर्पदंश आणि विंचूदंश दोन्हींचा आढावा घेणारा पेपरही गेला.

फिल्टरमधला खड्डा

डावीकडची वयाची, लिंगाची, ‘मानव’ अशी बटणं मेशच्या शिक्क्यांवर चालतात. शिक्का न बसलेली नोंद बटण दाबताक्षणी गायब होते, आणि त्यात आपल्याला हवा असलेला पेपरही असू शकतो. शिवाय मेशमधलं ‘चाइल्ड’ म्हणजे फक्त 6 ते 12 वर्षं. 2 ते 5 वर्षांना ‘चाइल्ड, प्रीस्कूल’, 1 ते 23 महिन्यांना ‘इन्फंट’ आणि 13 ते 18ला ‘ॲडोलसंट’. त्यामुळे मुलांसाठी बटण न दाबता चारही मेश आणि टीआयएबीमधले मुलांसाठीचे शब्द मिळून वेगळी ओळ करा. नोंदी थोड्याच असतील तर वयाची ओळ घालूच नका. प्रतिविष आणि प्रॅझोसिन यांवरची महाडची 2011ची चाचणी याचं चांगलं उदाहरण आहे. तिच्या शीर्षकात मुलांचा उल्लेख नाही, पण सहा महिन्यांहून मोठे रुग्ण तिच्यात घेतलेले होते.

‘फ्री फुल टेक्स्ट’चं बटण तर कधीच दाबू नका. कुठला पेपर फुकट मिळतो यावर कुठला पुरावा मोजायचा ते ठरत नाही.

जुन्या लेखांबद्दल एक गोष्ट. 1975पूर्वीच्या नोंदींना सारांश जवळजवळ नसतोच. तिथे टीआयएबी म्हणजे फक्त शीर्षक. अशा वेळी मेश आणि संदर्भयाद्या यांवरच भिस्त ठेवावी लागते. औषधाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मागे जाण्यात आळस करू नका.

जाळं फाटकं आहे का ते तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. शोध चालवण्याआधी या विषयातले तीन ते पाच पेपर हातात घ्या, जे कुठल्याही परिस्थितीत सापडलेच पाहिजेत. आपल्या विषयात ते सहज सुचतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा लाल विंचवाच्या दंशातल्या हृदयविषयक लक्षणांवरचा 1982चा ‘लॅन्सेट’मधला लेख. प्रॅझोसिनवरचा 1986चा, तोही ‘लॅन्सेट’मधला. प्रतिविष अधिक प्रॅझोसिन विरुद्ध नुसतं प्रॅझोसिन ही 70 रुग्णांवरची चाचणी, ‘बीएमजे’, 2011. आणि ट्युनिशियातली 825 रुग्णांवरची प्रतिविषाची चाचणी, ‘लॅन्सेट’, 1999.

प्रत्येकाचा पीएमआयडी, म्हणजे पबमेडमधला क्रमांक, लिहून घ्या. चारही क्रमांक ‘ऑर’ने जोडून एक ओळ करा आणि ती तुमच्या पूर्ण शोधाशी ‘अँड’ने जोडा. उत्तर चार यायला हवं. तीन आलं तर गळलेल्या पेपरची नोंद उघडा, त्याचं शीर्षक, सारांश आणि मेश वाचा. बहुतेक वेळा कारण समोरच असतं. 1982च्या लेखाच्या शीर्षकात फक्त लक्षणांची भाषा आहे, औषधाचं नाव नाही, म्हणून औषधाची ओळ त्याला गाळू शकते. मग ठरवायचं: तो आपल्या प्रश्नाचा पेपर आहे, की पार्श्वभूमीचा? पार्श्वभूमीचा असेल तर गळला तरी चालेल, पण कारण वहीत लिहून ठेवा. 2011चा पेपर गळला, तर मात्र शोध नव्याने बांधा.

पबमेडच्या पलीकडे

भारतातल्या विषयासाठी एकटं पबमेड पुरत नाही. कोक्रेन लायब्ररीत आधी बघा, आपल्या प्रश्नावर पद्धतशीर आढावा झालाय का. झाला असेल तर तुमचं अर्धं काम झालं. तो कधीपर्यंतच्या साहित्याचा आहे ते बघून पुढचं शोधायचं. असा आढावा सध्या कोणी करत असेल तर प्रॉस्पेरोच्या नोंदवहीत दिसेल. एमबेस या डेटाबेसमध्ये औषधं आणि युरोपातली नियतकालिकं जास्त सापडतात, पण त्याला पैसे पडतात. कॉलेजकडे ते आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्लोबल इंडेक्स मेडिकसमध्ये दक्षिण-पूर्व आशियाचा स्वतंत्र विभाग आहे. पबमेडमध्ये नसलेली भारतीय नियतकालिकं तिथे मिळतात.

सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांची नोंदवही, न चुकता बघा. ती 2007पासून आहे, आणि नियामकांच्या अखत्यारीतल्या औषधचाचण्यांना 2009पासून तिथे नोंद सक्तीची आहे. एमडी-एमएसच्या प्रबंधांतल्या उपचारचाचण्याही तिथे असतात. पुष्कळ प्रबंध कधीच छापले जात नाहीत, त्यामुळे तुमचाच प्रश्न शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात चालू आहे हे फक्त इथेच कळतं. तिथली शोधपेटी साधी आहे, म्हणून एकेक शब्द वेगळा टाका: ‘स्कॉर्पियन’, मग ‘प्रॅझोसिन’, मग ‘अँटीव्हेनम’. चाचणीची ‘स्थिती’ कित्येकदा अद्ययावत नसते, तेव्हा नोंदीची तारीख बघून प्रमुख संशोधकांना ईमेल करा.

शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध आहेत, वैद्यकीय पदव्युत्तर प्रबंध फारसे नाहीत. त्यासाठी कॉलेजच्या ग्रंथालयातलं कपाट आणि एमयूएचएसशी (महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी) संलग्न कॉलेजांतले ओळखीचे यांचाच आधार. लोकसंख्येचे आकडे हवे असतील तर देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्याविषयक संस्थेने केलेली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी बघा. तिची पाचवी फेरी 2019-21ची आहे.

गूगल स्कॉलर शेवटी. त्याचा उपयोग आहे, कारण ते लेखाच्या आतही शोधतं आणि लहान नियतकालिकं दाखवतं. पण आज आलेली यादी उद्या तशीच येईल याची खात्री नाही, आणि कितीही मोठा आकडा दाखवला तरी पहिल्या 1000 नोंदींपुढे जाताच येत नाही. पहिल्या 200 नोंदी चाळा, तारीख लिहा, पुढे चला.

मग माग काढायचा, दोन्ही दिशांनी. हातातल्या पक्क्या पेपरची संदर्भयादी वाचून मागे जा, आणि ‘साइटेड बाय’वर टिचकी मारून पुढे. 2011चा महाडचा पेपर पुढे कोणी उद्धृत केला ते बघितलं, की 2014मध्ये ‘आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहुड’मध्ये आलेली पुद्दुचेरीची चाचणी सापडते: प्रतिविष अधिक प्रॅझोसिन विरुद्ध नुसतं प्रॅझोसिन, आणि तीही मुलांमध्ये.

म्हणजे आपण जो प्रश्न घेऊन निघालो होतो, तो अगोदरच विचारला गेलाय. इथे हिरमुसायचं कारण नाही. शोध याचसाठी होता. आता प्रश्न पुढे सरकवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रॅझोसिनचा पहिला डोस दंशानंतर किती वेळाने मिळतो? मूल मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी तो दिला जातो का? प्रतिविष तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध असतं का? हे प्रश्न विंचवाचा त्रास असलेल्या कुठल्याही जिल्ह्यात विचारण्याजोगे आहेत, आणि त्यांच्यासाठी शब्दांचे रकाने पुन्हा पाडावे लागतील. शोध आणि प्रश्न असे दोन-तीनदा एकमेकांना घडवतात. म्हणूनच सिनॉप्सिसच्या आदल्या आठवड्यात हे काम उरकत नाही. नोकरी सांभाळून करणाऱ्याने तीन-चार आठवडे धरावेत.

चाळणी आणि तक्ता

सगळ्या नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आणा. ते फुकट आहे, दुबार नोंदी एकत्र करून देतं आणि मागे घेतलेल्या पेपरला लाल खूण दाखवतं. मग दोन टप्प्यांत चाळणी. आधी शीर्षक-सारांश, शंका असेल तर ठेवा. नंतर पूर्ण लेख. बाद करताना या दुसऱ्या टप्प्यावर प्रत्येकाचं एक कारण लिहा. जमलं तर दोघांनी स्वतंत्रपणे चाळावं. रय्यानसारखं साधन त्यासाठी सोयीचं आहे. एकट्याच्या नजरेतून सुटतंच.

पूर्ण लेख मिळवताना पैसे भरण्याआधी पबमेड सेंट्रल बघा, ब्राउझरमध्ये लेखाची फुकट प्रत शोधून देणारं अनपेवॉल लावा, कॉलेजच्या नेटवरून प्रयत्न करा. 1 जानेवारी 2025पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे 13,000 नियतकालिकं खुली झाली आहेत. तरीही नाही मिळाला तर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा. बहुतेक लेखक आनंदाने पाठवतात.

तक्त्यात एका पेपरला एक ओळ. रकाने: वर्ष, ठिकाण, विंचवाची जात, रुग्णसंख्या, वय, दाखल होताना तीव्रता, उपचार आणि मात्रा, काय मोजलं आणि किती तासांनी, निष्कर्ष, उणिवा. रकाने भरताना खरी समज येते. ट्युनिशियाच्या 1999च्या चाचणीत प्रतिविषाचा फायदा दिसला नाही. महाडच्या 2011च्या चाचणीत स्पष्ट दिसला, तोही 10 तासांनंतरच्या स्थितीवरून. नुसते सारांश वाचले तर ‘पुरावा परस्परविरोधी आहे’ असं लिहून मोकळे व्हाल. तक्त्यात जात आणि तीव्रता हे दोन रकाने शेजारी ठेवले की दिसतं, विंचू वेगळा आहे आणि रुग्णांची निवडही वेगळी आहे. 2011मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं प्रतिविष तर तिकडच्या तिसऱ्याच विंचवासाठी आहे. जातीचा रकाना नसलेला तक्ता या विषयात निरुपयोगी. तुमच्या विषयातला असा निर्णायक रकाना कोणता, ते आधी शोधा.

तक्ता भरताना तीन गोष्टींवर नजर ठेवा. एकाच रुग्णालयातले तेच रुग्ण दोन पेपरांत आलेत का, ते काळ आणि लेखकांची नावं जुळवून बघा. दुसऱ्याच्या पेपरातून उचललेला आकडा मूळ पेपर उघडल्याशिवाय लिहू नका. आकडा तीन हातांतून फिरला की बदलतो. आणि पेपर मागे घेतला गेलाय का, ते पबमेडमधल्या नोंदीवर तपासा. 2020मध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवरचा ‘लॅन्सेट’मधला पेपर 22 मेला आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला. नियतकालिकाच्या नावावर विसंबून चालत नाही.

चॅटबॉटकडून समानार्थी शब्द सुचवून घ्यायला हरकत नाही. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. अस्सल वाटणारे लेखक, वर्ष, पान, सगळं रचलेलं असू शकतं. संदर्भयादीतली प्रत्येक ओळ पीएमआयडी किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकून स्वतः उघडलेली हवी.

वही

प्रत्येक शोधाची नोंद त्याच दिवशी करा: तारीख, डेटाबेस, शोधओळ जशीच्या तशी चिकटवलेली, फिल्टर, किती नोंदी आल्या. हाताने परत लिहिलेली ओळ चालत नाही, एक कंस राहिला की शोध बदलतो. पबमेडच्याच माय एनसीबीआयवर फुकट खातं उघडून शोध जपून ठेवा आणि दर आठवड्याची ईमेल सूचना लावा.

ही वही असली की सिनॉप्सिसमध्ये असं लिहिता येतं: ‘पबमेड, कोक्रेन लायब्ररी आणि सीटीआरआय येथे अमुक तारखेपर्यंत, परिशिष्टात दिलेल्या शोधओळींनी शोध घेतला. प्रतिविष आणि प्रॅझोसिन यांची तुलना करणाऱ्या चाचण्या आढळल्या, परंतु प्राथमिक आरोग्य केंद्रातील पहिल्या डोसच्या वेळेसंबंधी महाराष्ट्रातील अभ्यास आढळला नाही.’ शेवटचा भाग तुमच्या शोधात खरोखर तसं निघालं तरच लिहायचा.

प्रबंध जमा करायला दोन-अडीच वर्षं जातात. छपाईला देण्याआधी त्याच शोधओळी पुन्हा चालवा, फक्त मधल्या काळाच्या तारखा घालून, आणि नवं काही आलं असेल तर चर्चेच्या प्रकरणात त्याला जागा द्या.